बनी हसनचा पहारेकरी

किल्ली माझ्याकडे असते. थडगं चार हजार वर्षांचं,
कुलूप मात्र मिन्याच्या बाजारातलं, चिनी.
डोंगर चढून धापा टाकणाऱ्यांना आधी पाणी देतो,
मग दारात आरसा तिरका धरून
बाहेरचं ऊन आत ओढतो, पूर्वेच्या भिंतीवर.

तेव्हा ते दिसतात.
जोड्याच जोड्या. एक तांबडा, एक काळपट,
म्हणजे कुणाचा गुडघा कुणाच्या बरगडीत
हा घोटाळा होऊ नये.
रंगाऱ्याला कुस्ती कळत होती.
पहिल्या जोडीत एकजण कमरेला पट्टा बांधतोय,
दुसरा थांबलाय.
मग झोंबी. पट काढलेला, मान दाबलेली,
एकाला उलटा उचललाय, डोकं खाली, पाय आभाळात.
दोनशेच्या वर पकडी. मी रोज मोजतो,
आकडा रोज वेगळा येतो.

लोक येतात आणि आपापलं ओळखतात.
कैरोत शिकणारा जोगोय, सेनेगलचा, ताडासारखा उंच,
एका जोडीपुढे उभा राहिला आणि मांडीवर ढोल वाजवू लागला.
म्हणाला, ही आमच्या आजोबांची पकड,
कापणी झाली की वाळूत, चांदण्यात.
त्याच आठवड्यात दागेस्तानचा एक दांडगा,
कान मोडून मोडून अक्रोडासारखे झालेले,
त्याच जोडीपुढे छातीवर हात ठेवून बोलला :
ही आमच्या डोंगरातली.
स्वित्झर्लंडच्या बाई हसत राहिल्या नुसत्या.
त्यांचा बाप गवळी, भुशाच्या आखाड्यात लढायचा.
जिंकलेल्यानं हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा
आपल्या हातानं झटकायचा, अशी तिकडे रीत.
मी सगळ्यांना हो म्हणतो.
हो म्हटलं की बक्षीस मिळतं.
एवढ्या कुस्त्यांत बक्षीस मिळालेला
मीच एकटा.

त्या बाईंना मात्र सांगितलं नाही
की आमच्याकडेही ती रीत होती. दोघांपुरती.
माझा थोरला भाऊ शहाता
बापाची किल्ली चोरून इथे यायचा,
एक पकड पाठ करायचा
आणि मक्याच्या शेतात माझ्यावर करून बघायचा.
तो तांबडा. मी कायम काळपट.
रोज आस्मान बघितलं मी, ढेकळांवर पाठ टेकवून,
आणि घरी जाण्याआधी तो माझी पाठ झटकायचा,
थुंकी लावून कोपराचं रक्त पुसायचा,
आईला कळू नये म्हणून.

भिंतीच्या खालच्या ओळींवर
मी आरसा नेत नाही.
कुणी विचारलं तर सांगतो, रंग उडालाय तिथला.
उडालेला नाही.
तिथे किल्ला आहे, वेढा आहे, धनुष्यं ताणलेली,
आणि माणसं तीच, वरच्यासारखीच पिळदार;
त्यांना तालीम कशासाठी दिली
ते खाली उतरल्यावर कळतं.
वर पडलेला पुढच्या चित्रात उठलेला असतो.
खाली पडलेल्याला
पुढचं चित्र नाही.

शहाता त्या रमजानात कालव्यापलीकडे गेला.
पलटणीत पैलवान म्हणून नाव झालं होतं त्याचं.
एक पाकीट आलं. त्यात घड्याळ, तसबीह,
आणि पट्टा, पितळी बकलाचा, शेवटच्या भोकाजवळ चिरलेला.
आईनं तो पिठाच्या डब्यात ठेवला.
का, ते कुणी विचारलं नाही.

पाच वाजता शेवटची होडी सुटते, पाहुणे उतरतात.
ऊन आपणहून दारापर्यंत मागे सरतं.
मी आरसा पालथा ठेवतो
आणि पहिल्या जोडीपाशी जरा टेकतो.
तो अजून बांधतोच आहे.
बांध, म्हणतो मी, सावकाश बांध,
मी थांबलोय.

मग कुलूप. दोनदा ओढून बघतो.
चिनी माल, भरवसा नाही.